कंटेनर मरतो, सर्टिफिकेट उरायला हवं

पहिल्या वेळी सगळं सुरळीत होतं. सर्व्हरवर कंटेनर सुरू झाला, त्यातल्या प्रोग्रामने लेट्स एनक्रिप्टकडे सर्टिफिकेट मागितलं, अर्ध्या मिनिटात ते मिळालं आणि ब्राउझरमध्ये साइट कुरबुर न करता उघडली. मग लॉगिनचं पान चुकतंय असं दिसलं. सेटिंग बदलून कंटेनर पाडला, नवा उभा केला. आता फोटो दिसेनात. पुन्हा पाडला, पुन्हा उभा केला. दुपारपर्यंत कंटेनर पाच वेळा उभा राहिला. सहाव्या वेळी कंटेनर उभा राहतो, पण साइट उघडत नाही. लॉगमध्ये एक ओळ असते : नेमक्या याच नावांच्या संचासाठी गेल्या 168 तासांत पाच सर्टिफिकेटं दिली गेली आहेत, अमुक वेळेनंतर पुन्हा या.

साइटमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. डोमेन आपलंच आहे, सर्व्हर आपलाच आहे. घडलं एवढंच की प्रत्येकी 90 दिवस चालतील अशी पाच सर्टिफिकेटं आपण मिळवली आणि कंटेनरबरोबर पाचही फेकून दिली. कंटेनर वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या माणसाची गाठ या ओळीशी कधी ना कधी पडते. ती का येते हे नीट कळलं, तर ती टाळायला फारसं काही करावं लागत नाही.

सर्टिफिकेट म्हणजे दोन गोष्टींची जोडी असते. एक खासगी किल्ली, जी सर्व्हरवरच तयार होते आणि कुणालाही द्यायची नसते; आणि दुसरी एक सही केलेली फाइल, जिच्यात ‘या डोमेनची सार्वजनिक किल्ली ही’ असं एका मान्यताप्राप्त संस्थेने सांगितलेलं असतं. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत अशी सही मिळवायची म्हणजे पैसे भरा, फॉर्म भरा, ईमेलवर आलेल्या लिंकवर क्लिक करा, फाइल उतरवून सर्व्हरवर टाका, आणि वर्षभराने हे सगळं विसरलेलं असताना पुन्हा करा. छोट्या साइटवाल्यांनी हा व्याप केलाच नाही, आणि त्यामुळे वेबवरची बरीचशी ये-जा उघडीच चालायची.

हे बदलण्यासाठी मोझिलातले जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्स्ली आणि मिशिगन विद्यापीठातले जे. अॅलेक्स हाल्डरमन एकत्र आले. त्यांच्या ना-नफा संस्थेने लेट्स एनक्रिप्टची घोषणा नोव्हेंबर 2014 मध्ये केली, पहिलं सर्टिफिकेट सप्टेंबर 2015 मध्ये निघालं आणि त्या डिसेंबरमध्ये सेवा सगळ्यांसाठी खुली झाली. फुकट असणं ही त्यातली ठळक गोष्ट, पण माझ्या मते मोठी गोष्ट दुसरीच होती : माणूस मधून काढला गेला. सर्व्हरवरचा प्रोग्राम थेट त्यांच्या प्रोग्रामशी बोलतो. ‘हे डोमेन माझं आहे’ असं तो म्हणतो, समोरून एक आकडा दिला जातो, तो आकडा डोमेनवरच्या ठरलेल्या पत्त्यावर किंवा डीएनएसच्या नोंदीत ठेवायचा, समोरचा येऊन तपासतो आणि सही करून देतो. या संवादाचे नियम म्हणजे एक्मे प्रोटोकॉल. 2019 साली तो अधिकृत इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

याच सुमारास सॉफ्टवेअर चालवण्याची पद्धतही बदलत होती. मार्च 2013 मध्ये डॉकर लोकांसमोर आलं, पुढच्या वर्षी गूगलने कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस आणलं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधायचं, त्या इमेजमधून हवे तेव्हा कंटेनर काढायचे, बिघडला तर दुरुस्त करत न बसता टाकून द्यायचा आणि नवा काढायचा. कंटेनर चालू असताना आत जे लिहिलं जातं ते त्याच्या स्वतःच्या वरच्या थरात राहतं आणि कंटेनर काढून टाकला की त्याच्याबरोबर जातं. ही या पद्धतीची उणीव नव्हे, तेच तिचं बळ आहे. नवा कंटेनर दर वेळी कोरा असतो म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

अडचण इथेच आहे. कंटेनर म्हणतो, माझ्याजवळ काही साठवू नका. सर्टिफिकेट म्हणतं, मला तीन महिने जपा. सर्टिफिकेट मिळवणारा प्रोग्राम कंटेनरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातला, की दोन चांगल्या गोष्टींची एक वाईट गोष्ट होते. डेटाबेसच्या फाइली कंटेनरच्या आत ठेवायच्या नाहीत हे आज शिकाऊ मुलालाही माहीत असतं. सर्टिफिकेटलाही तोच नियम लावायला हवा, आणि या प्रकरणात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे : सर्टिफिकेट हा डेटा आहे, कंटेनर सुरू होण्याच्या विधीचा भाग नव्हे.

आता लेट्स एनक्रिप्टच्या मर्यादा पाहू. एका नोंदणीकृत डोमेनसाठी सात दिवसांत 50 नवी सर्टिफिकेटं मिळतात. त्या डोमेनखालची सगळी उपनावं याच 50 मध्ये मोजली जातात; दुकान, ब्लॉग, मेल असे कितीही भाग असले तरी खातं एकच. नोंदणीकृत डोमेन कुठे सुरू होतं हे ठरवायला पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची यादी वापरतात. ‘डॉट को डॉट इन’ या यादीत आहे, म्हणून त्याआधीचा एक शब्द धरून डोमेन मोजलं जातं. तसं नसतं तर त्या शेपटाखालच्या देशभरच्या साइट एकाच 50 मध्ये भांडत बसल्या असत्या. दुसरी मर्यादा नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी : सात दिवसांत पाच. कंटेनरवाल्यांना नडते ती हीच. तिसरी अपयशाची : एका खात्यातून एका नावाची पडताळणी तासाभरात पाच वेळा फसली, की पुढे थांबावं लागतं.

2025 च्या सुरुवातीपासून हे मोजमाप टोकन बकेट पद्धतीने होतं. गच्चीवरची टाकी नळाच्या बारीक धारेने भरत राहते तसं ते आहे. पाचची टाकी रिकामी केली की दर 34 तासांनी एक सर्टिफिकेट परत जमा होतं. 50 च्या टाकीत दर 202 मिनिटांनी एक. म्हणजे सोमवारी पाच संपवले तर पुढच्या सोमवारपर्यंत अंधार नसतो, पण दीड दिवस साइट बंद ठेवणं कुठल्याच दुकानाला परवडत नाही. जुनी सर्टिफिकेटं रद्द करून हिशेब परत मिळेल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सही करण्याचं काम झालेलं असतं, रद्द केल्याने ते न झाल्यासारखं होत नाही. उलट चांगली चालणारी सर्टिफिकेटं हकनाक जातात.

या मर्यादा जाचक वाटतात, पण त्यांच्या मागे काय चाललेलं असतं ते बघा. प्रत्येक सही एका वेगळ्या, बंदिस्त सुरक्षा यंत्रात होते, आणि त्या यंत्राचा वेग ठरलेला असतो. प्रत्येक पडताळणी जगातल्या एकाहून जास्त ठिकाणांहून केली जाते, म्हणजे एखाद्याने मधल्या वाटेवर नेटवर्क वळवून फसवू नये. शिवाय प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये करावी लागते. या नोंदवह्यांची गरज पटली ती वाईट अनुभवांतून. 2011 साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं काढली, आणि ती संस्था काही आठवड्यांत दिवाळखोरीत गेली. 2014 च्या जुलैमध्ये आपल्याकडच्या एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. तेव्हापासून ‘कुणी, कुणाला, कधी दिलं’ हे सगळ्यांना पाहता आलं पाहिजे ही अपेक्षा पक्की होत गेली. लेट्स एनक्रिप्ट आज दिवसाला कोटीभर सर्टिफिकेटं काढते आणि हे सगळं देणग्यांवर, मोजक्या माणसांच्या बळावर चालतं. एका चुकलेल्या स्क्रिप्टने रात्रभर मागणी लावून धरली तर तिचा भार बाकीच्यांवर पडतो, म्हणून मर्यादा. मला त्या रास्त वाटतात.

सार्वजनिक नोंदीचा आपल्याला एक फायदा होतो. सीआरटी डॉट एसएच या साइटवर आपलं डोमेन टाकलं की आजवर निघालेली सगळी सर्टिफिकेटं तारखांसह दिसतात. आपला कोटा कुठे गेला, कुठला विसरलेला चाचणी सर्व्हर गुपचूप नवी सर्टिफिकेटं काढतो आहे, हे तिथे पाच मिनिटांत कळतं.

गुपचूप कसं घडतं याचा एक नमुना सांगतो. कंटेनरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये आधी सर्टिफिकेट मागायचं आणि मग अॅप सुरू करायचं असं लिहिलेलं आहे. एके दिवशी डेटाबेसचा पासवर्ड बदलतो आणि अॅप सुरू होताच कोसळतं. कुबरनेटीस ते पुन्हा उभं करतं. मध्ये 10 सेकंद थांबतं, मग 20, मग 40, मग 80. कोरा कंटेनर प्रत्येक वेळी नवं सर्टिफिकेट घेतो. पाच मिनिटांच्या आसपास पाचही संपलेली असतात, आणि पासवर्ड दुरुस्त होतो तेव्हा साइट दुसऱ्याच कारणाने बंद असते. बिघाड कुठे, भोगणं कुठे.

तर मग जपायचं कुठे? डॉकरमध्ये यासाठी व्हॉल्यूम असतं : कंटेनरच्या बाहेरची जागा, जी आत एखाद्या फोल्डरसारखी दिसते. कंटेनर गेला तरी व्हॉल्यूम राहतं. कॅडी हा वेब सर्व्हर सर्टिफिकेटं आणि किल्ल्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये ठेवतो, तेवढं व्हॉल्यूमवर ठेवलं की काम झालं. मात्र डॉकर कम्पोजच्या ‘डाउन’ आदेशाला ‘व्ही’चा पर्याय जोडायची सवय असेल, तर ती मोडावी लागेल. नुसत्या ‘डाउन’ने नाव दिलेलं व्हॉल्यूम शाबूत राहतं, ‘व्ही’ जोडला की तेही पुसलं जातं.

ट्रेफिक या प्रॉक्सीमध्ये सगळी सर्टिफिकेटं आणि किल्ल्या ‘एक्मे डॉट जेसन’ या एकाच फाइलमध्ये असतात. ही फाइल बाहेरून जोडताना लोक हमखास अडकतात. बाहेर फाइल आधीपासून नसेल, तर डॉकर त्या नावाचं रिकामं फोल्डरच तयार करतो आणि ट्रेफिक त्याला फाइल समजून वाचायला जातो. म्हणून आधी रिकामी फाइल करायची, तिची परवानगी 600 ठेवायची आणि मगच कंटेनर उभा करायचा. परवानगी सैल असेल तर ट्रेफिक ती फाइल स्वीकारतच नाही, आणि ते बरोबरच आहे. आत खासगी किल्ली आहे.

सर्टबॉट या सर्टिफिकेट मिळवणाऱ्या प्रोग्रामची गोम वेगळी. त्याच्या फोल्डरात ‘लाइव्ह’ आणि ‘आर्काइव्ह’ असे दोन उपविभाग असतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला आपण ‘लाइव्ह’मधला पत्ता देतो, पण तिथे खऱ्या फाइली नसतातच, तिथे फक्त ‘आर्काइव्ह’मधल्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक असतात. केवळ ‘लाइव्ह’ जोडलं तर कंटेनरला फाइलचं नाव दिसतं आणि फाइल सापडत नाही. मग घाबरून माणूस नवं सर्टिफिकेट मागतो. जोडायचं ते वरचं संपूर्ण फोल्डर. खात्याची किल्ली आणि नूतनीकरणाच्या सेटिंगही त्यातच असतात.

सर्टबॉट आणि एनजिनएक्सच्या जोडीत एक कोंबडी-अंड्याचा पेचही आहे. सर्टिफिकेटची फाइल नसेल तर एनजिनएक्स सुरू होत नाही, आणि एनजिनएक्सने 80 पोर्टवर आकडा दाखवल्याशिवाय सर्टबॉटला सर्टिफिकेट मिळत नाही. पहिल्या वेळेपुरतं स्वतःच सही केलेलं तात्पुरतं सर्टिफिकेट ठेवून एनजिनएक्स उभा करायचा आणि खरं आल्यावर त्याला रीलोड करायचं, हा जुना आणि खात्रीचा मार्ग. रीलोड विसरू नये. एनजिनएक्स फाइल एकदा वाचतो आणि ती मेमरीत धरून ठेवतो. डिस्कवर नवं सर्टिफिकेट येऊन महिना झालेला असतो, आणि साइट मात्र जुनंच दाखवत दाखवत मुदत ओलांडते. म्हणून लक्ष फाइलवर ठेवण्यापेक्षा साइट बाहेरून उघडून तिची मुदत तपासणारा पहारा लावावा. मुदत संपत आल्याच्या आठवणीचे ईमेल लेट्स एनक्रिप्टने जून 2025 पासून बंद केले आहेत, त्यामुळे ही जबाबदारी आता पूर्णपणे आपली.

एक वाट मात्र अजिबात धरू नका : सर्टिफिकेट इमेजमध्येच बांधून टाकणं. मर्यादेची कटकट संपते हे खरं. पण इमेज रजिस्ट्रीवर जाते, दहा जण ती उतरवतात, आणि खासगी किल्ली तिच्या थरांमध्ये कायमची राहते. नंतरच्या थरात पुसली तरी आधीच्या थरातून ती काढता येते.

साइट वाढली की एकाच कंटेनरचे दहा होतात, आणि प्रश्नाचं रूप बदलतं. दहाही जणांनी आपापलं सर्टिफिकेट मागितलं तर पाचची मर्यादा अर्ध्यातच संपते. त्यापेक्षा वाईट म्हणजे पडताळणीच फसू लागते. तिसऱ्या कंटेनरने मागणी केली, आकडा त्याच्याकडे आहे. तपासायला आलेली विनंती लोड बॅलन्सरने सातव्याकडे पाठवली. सातव्याला काहीच माहीत नाही, पडताळणी नापास. तासाला पाच अपयशांची टाकीही अशी रिकामी होते. यावर उपाय म्हणजे मागणारा एकच ठेवायचा आणि बाकीच्यांनी फक्त वाचायचं. कुबरनेटीसमध्ये हे काम सर्ट-मॅनेजर करतो. तो सर्टिफिकेट मिळवून सीक्रेट म्हणून ठेवतो, मुदतीआधी बदलतो आणि कंटेनर कितीही आले-गेले तरी सीक्रेट जागेवर राहतं. नेमस्पेस, म्हणजे क्लस्टरमधला तो विभाग, पुसला तर मात्र सीक्रेटही जातं. जिथे चाचणीची क्लस्टर रोज पाडून उभी केली जातात, तिथे सीक्रेटचा बॅकअप घेऊन आधी तो परत ठेवायचा आणि मग सर्ट-मॅनेजर सुरू करायचा, हा क्रम पाळावा लागतो.

50 ची मर्यादा बहुधा वेगळ्याच लोकांना आडवी येते. काही टीममध्ये कोडच्या प्रत्येक शाखेसाठी वेगळी चाचणी साइट आपोआप उभी राहते, प्रत्येकीला नवं उपनाव. वीस माणसांची टीम आठवड्यात 50 शाखा सहज काढते, आणि मग खऱ्या साइटवरच्या नव्या उपनावालाही सर्टिफिकेट मिळेनासं होतं, कारण खातं एकच. इथे वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्यावं. मार्च 2018 पासून ते मिळतं, आणि एकाच सर्टिफिकेटमध्ये त्या पातळीवरची सगळी उपनावं येतात. त्यासाठी डीएनएसमधून पडताळणी करावी लागते, म्हणजे प्रोग्रामच्या हातात डीएनएस बदलण्याची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी संपूर्ण डोमेनची देऊ नये. पडताळणीची नोंद एका वेगळ्या, बिनमहत्त्वाच्या झोनकडे वळवून फक्त त्याच झोनची चावी द्यावी. चाचणीच्या साइटना मुळात वेगळं डोमेनच घेणं मला आणखी चांगलं वाटतं. वर्षाच्या थोड्या खर्चात खऱ्या साइटचा कोटा सुरक्षित राहतो.

शिकताना, सेटिंग जुळवताना खऱ्या सेवेकडे जायचंच नाही. लेट्स एनक्रिप्टने तालमीसाठी वेगळा स्टेजिंग सर्व्हर ठेवला आहे. तिथे एका डोमेनला आठवड्यात 30,000 सर्टिफिकेटं मिळतात, फक्त ब्राउझर त्यांना मानत नाहीत. त्याच्या एका मूळ सर्टिफिकेटाचं नावच ‘प्रिटेंड पेअर’ आहे, म्हणजे खऱ्याशी गल्लत व्हायला नको. सर्टबॉटच्या ‘ड्राय रन’ पर्यायात तोच सर्व्हर वापरला जातो, आणि पडताळणी फसली तर कॅडी पुढचे प्रयत्न आपणहून तिकडे वळवतो. तालमीतून खऱ्याकडे येताना ट्रेफिकवाल्यांनी एक लक्षात ठेवावं : पत्ता बदलला तरी ‘एक्मे डॉट जेसन’मध्ये तालमीचं सर्टिफिकेट शिल्लक असतं. ट्रेफिक ते अजून चालतंय असं समजून नवं मागतच नाही. ती फाइल रिकामी केली की खरं येतं.

तरीही पाच संपलेच तर? आधी थांबलेले कंटेनर तपासा. थांबवलेला कंटेनर काढून टाकलेला नसेल, तर त्याच्या आतल्या फाइली डॉकरच्या कॉपी आदेशाने बाहेर काढता येतात, आणि सर्टिफिकेट-किल्लीची जोडी बहुतेक वेळा तिथेच सापडते. ते जमलं नाही तर आणखी एखादं उपनाव जोडून मागावं. संच बदलला की पाचची मोजणी नव्याने सुरू होते. पण ते 50 मधून वजा होतं, आणि स्क्रिप्ट तशीच ठेवली तर नव्या संचाचे पाचही संध्याकाळपर्यंत जातात.

पुढची वर्षं या बाबतीत जास्त कडक असणार आहेत. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल 2025 मध्ये ठरवलं की 398 दिवसांची कमाल मुदत मार्च 2026 पासून 200, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येईल. लेट्स एनक्रिप्टने 2028 पर्यंत स्वतःची मुदत 45 दिवसांवर आणायचं जाहीर केलं आहे, आणि ज्यांना हवी त्यांना जेमतेम सहा दिवसांची सर्टिफिकेटंही ती देते. किल्ली चोरीला गेली तरी चोराच्या हाती ती फार काळ उपयोगाची राहू नये, हा हेतू. नूतनीकरण वारंवार होणार म्हटल्यावर मर्यादांचं काय, याची सोय एक्मेच्या एआरआय या जोडणीत केली आहे. कधी नूतनीकरण करावं हे यात देणारी संस्थाच सुचवते, आणि त्यानुसार आलेल्या मागणीला कुठलीच मर्यादा लागत नाही. 2020 च्या मार्चमध्ये लेट्स एनक्रिप्टला एका बगमुळे 30 लाखांहून जास्त सर्टिफिकेटं बदलायला सांगावं लागलं होतं. असा प्रसंग पुन्हा आला तर एआरआय असलेले प्रोग्राम संस्थेचा इशारा वाचून स्वतःच वेळेआधी नवं घेतील.

या सवलतीला एक महत्त्वाची अट आहे. मागणी करताना ‘मी अमुक सर्टिफिकेटच्या जागी नवं मागतो आहे’ असं जुन्याची ओळख देऊन सांगावं लागतं. ज्या कंटेनरला जुनं सर्टिफिकेट आठवत नाही, त्याला ही ओळख देता येत नाही. त्याच्या मागणीला ही सवलत मिळत नाही आणि ती पाचच्याच टाकीत मोजली जाते. सर्टबॉटच्या नव्या आवृत्त्या आणि कॅडी एआरआय वापरतात, पण त्यांनाही जुनं सर्टिफिकेट शोधायला तेच व्हॉल्यूम लागतं.